थायरॉईडमधील ‘सॉलिड सेल नेस्ट्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली की काही दिवसांनी रुग्णाच्या हाती हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या ऊतीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा, रिपोर्ट येतो. रुग्ण राधानगरीचा असो, गडहिंग्लजचा असो किंवा राजारामपुरीतला, घरातील शिकलेला मुलगा किंवा पुतण्या तो इंग्रजी रिपोर्ट वाचतो आणि मधल्याच एका ओळीत ‘सॉलिड सेल नेस्ट्स’ हे शब्द दिसल्यावर मोबाईलवर शोधू लागतो. तेथे जे सापडते, त्यात ‘कर्करोग’ हा शब्द इतक्या वेळा येतो की पुढच्या भेटीपर्यंत घरात कोणाला झोप लागत नाही. म्हणून या पेशीपुंजांचा उगम, त्यांची रचना आणि त्यांचा अर्थ यांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

‘सॉलिड सेल नेस्ट्स’ म्हणजे नेमके काय?

थायरॉईडच्या उजव्या व डाव्या खंडात, हार्मोन तयार करणाऱ्या नेहमीच्या पुटिकांच्या मधल्या जागेत, दाटीवाटीने बसलेल्या पेशींचे बारीक पुंजके काही वेळा आढळतात. त्यांना हे नाव आहे. बहुतेक पुंजक्यांचा व्यास एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो आणि एक मिलिमीटरपर्यंत पोचलेला पुंजका मोठाच मानावा लागतो. गर्भावस्थेत थायरॉईड घडत असताना तिच्यात दोन्ही बाजूंनी येऊन मिसळलेल्या एका लहानशा अवयवाचा हा शिल्लक अंश आहे. तो आजाराने निर्माण झालेला नसतो, तर जन्मापूर्वीपासून तेथेच असतो.

हा कर्करोग आहे का, किंवा कर्करोगाची सुरुवात आहे का?

नाही. केवळ हे पुंजके दिसले म्हणून कोणतेही औषध, कोणतीही नवी शस्त्रक्रिया किंवा वेगळी तपासणी लागत नाही. त्याच रिपोर्टमध्ये दुसरे काही निदान असेल, तर उपचार त्या निदानाप्रमाणे ठरतात.

थायरॉईडमधील नेहमीच्या पेशी कोणत्या, आणि या पेशी त्यांच्यापेक्षा वेगळ्या कशा?

थायरॉईडचा बहुतेक भाग पुटिकांचा, म्हणजे फॉलिकल्सचा असतो. प्रत्येक पुटिकेभोवती पेशींचा एकेरी थर असतो आणि आतल्या पोकळीत कोलॉइड नावाचा दाट द्रव साठलेला असतो. आयोडीन ओढून घेणे, थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन तयार करणे आणि त्यातून टी-३ व टी-४ ही हार्मोन्स रक्तात सोडणे, हे काम याच पेशींचे आहे. पुटिकांच्या भिंतीला चिकटून दुसऱ्या प्रकारच्या थोड्या पेशी विखुरलेल्या असतात. त्या ‘सी पेशी’ होत. त्या कॅल्सिटोनिन हे हार्मोन तयार करतात आणि संपूर्ण ग्रंथीत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते.

सॉलिड सेल नेस्टमधील मुख्य पेशी या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. त्या थायरोग्लोब्युलिनही तयार करत नाहीत आणि कॅल्सिटोनिनही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्या त्वचेच्या खालच्या थरातील पेशींची आठवण करून देतात, पण त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडणारे जे बारीक दुवे असतात ते येथे दिसत नाहीत. थायरॉईडच्या पेशीही नाहीत आणि धड त्वचेच्याही नाहीत, अशा पेशी एखाद्या ग्रंथीच्या मध्यभागी का असाव्यात, या कोड्याचे उत्तर भ्रूणशास्त्रात आहे.

मग हे पुंजके आले कोठून?

भ्रूणाच्या चौथ्या आठवड्यात जिभेच्या मुळाशी, मध्यरेषेवर, पेशींची एक कळी तयार होते. ती हळूहळू खाली सरकत सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेच्या पुढे येऊन स्थिरावते. थायरॉईडचा मोठा भाग याच कळीतून घडतो. त्याच काळात भ्रूणाच्या घशाच्या दोन्ही बाजूंना खळग्यांच्या जोड्या तयार झालेल्या असतात. पहिल्या जोडीतून मधल्या कानाची पोकळी, दुसरीतून टॉन्सिलची जागा, तिसरीतून थायमस आणि खालच्या दोन पॅराथायरॉईड ग्रंथी, तर चौथीतून वरच्या दोन पॅराथायरॉईड ग्रंथी तयार होतात. याच चौथ्या जोडीच्या खालच्या टोकापासून दोन्ही बाजूंना एकेक लहान पिंड सुटतो. त्याला अल्टिमोब्रँकियल बॉडी म्हणतात. हे दोन पिंड खाली उतरलेल्या मधल्या कळीला उजवीकडून व डावीकडून येऊन मिळतात आणि तिच्यातच विरघळून जातात.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन जशी पंचगंगा होते, तशीच वरून एकसंध दिसणारी थायरॉईड ही वेगवेगळ्या प्रवाहांच्या संगमातून झालेली आहे, आणि सॉलिड सेल नेस्ट हा त्या संगमाच्या जागी राहिलेला गाळ आहे. अल्टिमोब्रँकियल पिंडातील काही पेशी विखुरतात व सी पेशी म्हणून पुटिकांच्या कडेला जाऊन बसतात. ज्या विखुरत नाहीत, त्या पुंजक्यांच्या रूपाने आयुष्यभर तशाच राहतात.

मासे आणि पक्षी यांच्यात हे पिंड थायरॉईडमध्ये मिसळतच नाहीत. तेथे ते स्वतंत्र ग्रंथी म्हणून काम करतात आणि कॅल्सिटोनिन त्यांच्यातच तयार होते. औषध म्हणून अनेक वर्षे वापरले गेलेले सामन माशाचे कॅल्सिटोनिन मुळात या ग्रंथीतलेच आहे. सस्तन प्राण्यांत मात्र ही ग्रंथी थायरॉईडच्या पोटात गेली. पुंजक्यांच्या उगमाचा हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

सी पेशींच्या उगमाबद्दल मतभेद असल्याचे वाचले. तो वाद काय आहे?

हा वाद जाणून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या पाठ्यपुस्तकांत एक उत्तर आहे आणि नव्या संशोधनात दुसरे. १९७० च्या दशकात फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या भ्रूणातील पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवल्या. लाव्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते, त्यामुळे कोणती पेशी कोठून निघाली आणि कोठे पोचली, हे त्यांना पाहता आले. पक्ष्यांमधील कॅल्सिटोनिन तयार करणाऱ्या पेशी न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे भ्रूणाच्या मज्जासंस्थेच्या कडेवरून निघालेल्या पेशींमधून येतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. तोच माणसालाही लागू आहे असे गृहीत धरले गेले आणि वैद्यकाचे विद्यार्थी पुढे चार दशके तेच शिकत राहिले.

२०१५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एलेन योहान्सन, मिकाएल निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर जनुकीय खूण करून त्यांचा वंश तपासला. उंदरातील सी पेशी न्यूरल क्रेस्टमधून येत नसून घशाच्या आतल्या अस्तरातून, म्हणजे एंडोडर्ममधूनच येतात, असे त्यांना आढळले. मानवी ऊतींतील खुणाही त्याच दिशेने बोट दाखवत होत्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. जुने मत मानले तर एका मिलिमीटरहून लहान पुंजक्यात दोन अगदी वेगळ्या घराण्यांच्या पेशी शेजारी-शेजारी नांदत होत्या, असे मानावे लागत होते. नव्या मतानुसार त्या एकाच खळग्याच्या अस्तराची लेकरे ठरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींत किती सहज मिसळलेल्या दिसतात, हे पाहता दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. उपचारांत मात्र यामुळे काहीही बदल होत नाही.

हे पुंजके सर्वप्रथम कोणी ओळखले?

सोफिया गेत्झोव्हा या संशोधिकेने १९०७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ते भ्रूणावस्थेतील त्या पिंडाचे अवशेष असल्याचे सांगितले. त्या तेव्हा स्वित्झर्लंडमधील बर्न येथे पॅथॉलॉजीत काम करत होत्या. आल्प्सच्या डोंगराळ भागात आयोडीनच्या अभावामुळे गलगंड फार होता आणि बर्न हे थायरॉईडच्या अभ्यासाचे केंद्रच बनले होते. तेथील शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांना १९०९ साली थायरॉईडवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कोखर यांचे नाव आजही प्रत्येक शल्यचिकित्सकाच्या तोंडी असते आणि गेत्झोव्हांचे फारसे कोणाला माहीत नसते. या पुंजक्यांबद्दल लिहिताना तरी ते घेतलेच पाहिजे.

थायरॉईडच्या कोणत्या भागात ते सापडतात?

प्रत्येक खंडाचे उंचीने तीन भाग केले, तर वरचा व मधला भाग जेथे मिळतात त्या पातळीवर, खंडाच्या आत आणि थोडे मागच्या बाजूला. सी पेशींची सर्वाधिक दाटीही याच पट्ट्यात असते. दोन खंडांना जोडणाऱ्या मधल्या पुलात ते सहसा नसतात, कारण तो भाग मध्यरेषेवरील कळीतून आलेला असतो. खंडाच्या मागच्या कडेला असलेला झुकरकांडलचा उंचवटा हीसुद्धा या दोन ऊतींच्या मिलनाची बाहेरून दिसणारी खूण मानली जाते. आवाजाची नस त्याच्या अगदी जवळून जाते आणि म्हणून शस्त्रक्रियेत ती नस शोधताना सर्जन आधी हा उंचवटा पाहतात.

त्यांची आतली रचना कशी असते?

‘सॉलिड’ हे नाव अर्धेच खरे आहे. काही पुंजके खरोखर भरीव असतात, तर काहींच्या मध्यभागी पोकळी असते आणि तिच्यात पेशींचे तुकडे किंवा श्लेष्मल द्रव साठलेला असतो. आल्शियन ब्लू हा रंग वापरला की हा आम्लधर्मी श्लेष्मा निळा दिसतो.

पुंजक्यातील बहुसंख्य पेशी ‘मुख्य पेशी’ म्हणून ओळखल्या जातात. त्या अंडाकृती किंवा बहुकोनी असतात आणि त्यांच्या केंद्रकावर कधीकधी कॉफीच्या बीवर असते तशी उभी खाच दिसते. त्यांच्या केंद्रकात पी-६३ हे प्रथिन ठळकपणे सापडते. हे प्रथिन त्वचा, स्तन, प्रोस्टेट अशा अनेक ठिकाणच्या पायाभूत थरातील पेशींत असते, पण थायरॉईडच्या पुटिकांमधील पेशींत नसते. मुख्य पेशींच्या मधून-मधून आणि कडेने फिकट रंगाच्या सी पेशी असतात. त्या कॅल्सिटोनिनच्या तपासणीत उठून दिसतात.

तिसरा घटक सर्वांत कुतूहलाचा आहे. काही पुंजक्यांना लागून ‘मिश्र पुटिका’ असतात, म्हणजे ज्यांच्या भिंतीचा काही भाग थायरॉईडच्या नेहमीच्या पेशींचा आणि काही भाग पुंजक्यातील पेशींचा असतो. त्यांच्या पोकळीत कोलॉइड आणि श्लेष्मा दोन्ही सापडू शकतात. मधली कळी आणि बाजूचा पिंड यांची गाठ नेमकी कशी पडली, ते या पुटिकांत प्रौढ वयातही पाहायला मिळते.

असे पुंजके किती लोकांत असतात?

नेहमीच्या पद्धतीने ग्रंथीचे मोजके तुकडे तपासले, तर सुमारे ३ टक्के नमुन्यांत ते दिसतात. संपूर्ण ग्रंथीच्या पातळ चकत्या करून एकही भाग न सोडता तपासले, तर हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे हा आकडा शरीराबद्दल जितके सांगतो, त्याहून अधिक आपण किती बारकाईने शोधले त्याबद्दल सांगतो. ज्यांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ नाही, त्यांच्यातही ते पुंजके असण्याची शक्यता मोठी आहे. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा अधिक आढळतात आणि सी पेशींची संख्याही पुरुषांत अधिक असते. थायरॉईडचे बहुतेक आजार स्त्रियांत जास्त असताना हे प्रमाण उलटे आहे.

सोनोग्राफीत किंवा सुईच्या तपासणीत ते दिसतात का?

सोनोग्राफीत दिसत नाहीत. ते फारच लहान असतात. सुईने पेशी काढण्याच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, ते क्वचितच योगायोगाने येतात. हाताला लागणारी गाठ या पुंजक्यांमुळे झालेली नसते.

आहार, मीठ, कोबी, ताणतणाव यांमुळे ते होतात का?

नाही. ते जन्मापूर्वीचे आहेत. आयोडीनयुक्त मीठ वापरणे योग्यच आहे, परंतु त्याचा या पुंजक्यांशी संबंध नाही.

मग रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख करण्याची गरजच काय?

कारण न ओळखल्यास ते दुसऱ्या, गंभीर गोष्टीसारखे दिसू शकतात, आणि पॅथॉलॉजिस्टने ‘हे मी पाहिले आणि ओळखले’ अशी नोंद ठेवणे हिताचे असते.

पहिला घोळ पॅपिलरी कर्करोगाच्या, म्हणजे थायरॉईडच्या सर्वांत नेहमीच्या कर्करोगाच्या, अतिसूक्ष्म प्रकाराशी होतो. केंद्रकावरील उभी खाच ही पॅपिलरी कर्करोगाची ओळखीची खूण आहे आणि ती येथेही दिसू शकते. त्यात भर म्हणून गॅलेक्टिन-३ ही त्या कर्करोगासाठी वापरली जाणारी तपासणी या मुख्य पेशींतही होकारार्थी येते. मात्र पॅपिलरी कर्करोगाच्या पेशींत थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ ही प्रथिने सापडतात, तर मुख्य पेशींत ती नसतात आणि पी-६३ असते. हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरा घोळ मेड्युलरी कर्करोगाशी होतो, जो सी पेशींपासून होतो. सीईए हे प्रथिन मेड्युलरी कर्करोगातही असते आणि सॉलिड सेल नेस्टमधील मुख्य पेशींतही असते. म्हणून एकट्या सीईएच्या भरवशावर निदान केले, तर चूक होणे अटळ आहे; सोबत कॅल्सिटोनिनची तपासणी हवीच. पुंजक्याच्या कडेला सी पेशींची स्वाभाविक दाटी असते, तिलाच सी पेशींची विकृत वाढ समजण्याचा धोकाही असतो. ज्या कुटुंबांत आरईटी जनुकातील दोषामुळे मेड्युलरी कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या येतो, तेथे खबरदारी म्हणून काढलेल्या ग्रंथीचा नेमका हाच पट्टा डोळ्यांत तेल घालून तपासला जातो, आणि तेथेच ही गफलत सर्वांत महागात पडते.

तिसरा घोळ दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या स्क्वॅमस, म्हणजे त्वचेसारख्या पेशींच्या, कर्करोगाशी होऊ शकतो. पुंजक्यातील पेशी आकाराने एकसारख्या असतात, त्यांचे विभाजन जवळपास दिसत नाही आणि आजूबाजूच्या ऊतीत कोणतीही प्रतिक्रिया नसते. अनुभवी डोळ्याला एवढ्यावरूनच बहुतेक वेळा उत्तर मिळते.

अशी नोंद रिपोर्टच्या सूक्ष्मदर्शी वर्णनात असावी आणि शेवटच्या निदानाच्या ओळीत ती येऊ नये, असे आमचे मत आहे. निदानाच्या ओळीत आलेला प्रत्येक शब्द रुग्ण आजार म्हणूनच वाचतो.

या मूलपेशी आहेत आणि त्यांच्यापासून पुढे कर्करोग होतो, असे म्हणतात ते खरे आहे का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पी-६३, बीसीएल-२ आणि टेलोमरेज यांसारख्या, पायाभूत पेशींत दिसणाऱ्या खुणा मुख्य पेशींत सापडल्या आहेत. त्यावरून त्या थायरॉईडमधील राखीव पेशी असाव्यात, अशी कल्पना काही संशोधकांनी मांडली. ती विचार करण्यासारखी आहे, पण खुणा सापडणे आणि त्या पेशींनी प्रत्यक्ष नवी थायरॉईड ऊती तयार करणे यांत अंतर आहे.

कर्करोगाबद्दल बोलायचे, तर थायरॉईडमध्ये क्वचित आढळणाऱ्या म्युकोएपिडर्मॉइड कर्करोगाचा उगम या पुंजक्यांत असावा, असा तर्क त्यांच्यातील श्लेष्मा आणि त्वचासदृश पेशी पाहून केला गेला आहे. तो अजून तर्कच आहे. इतक्या लोकांत असलेले पुंजके आणि इतका विरळा कर्करोग हे पाहता, एखाद्या रुग्णाने आपल्या रिपोर्टमधील या ओळीची भीती बाळगण्याला काहीच आधार नाही.

मुलाच्या गळ्यात डाव्या बाजूला वारंवार पू होतो. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

पुंजक्यांशी थेट नाही, पण भ्रूणाच्या त्याच भागाशी असू शकतो. तिसऱ्या किंवा चौथ्या खळग्याचा मार्ग पूर्ण बंद झाला नाही, तर घशातील पायरीफॉर्म सायनसपासून थायरॉईडपर्यंत एक बारीक नळी उरते. ती बहुतेक वेळा डावीकडेच असते. तिच्यातून जंतू थायरॉईडपाशी पोचतात आणि लहान मुलांत त्याच जागी पुन्हा-पुन्हा गळू होते. केवळ चीर देऊन पू काढल्याने हा त्रास थांबत नाही. नळीचाच बंदोबस्त करावा लागतो. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा बालशल्यचिकित्सकांना अवश्य दाखवावे.

थायरॉईडमध्ये दिसणारे इतर पेशीपुंज कोणते?

सर्वांत जास्त दिसतात ते लिम्फोसाइट्सचे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके. हाशिमोटो थायरॉयडायटिसमध्ये ते ठिकठिकाणी असतात आणि त्यांचा अर्थ वेगळा आहे, कारण तो आजार हळूहळू हार्मोनची कमतरता घडवू शकतो. याशिवाय पॅराथायरॉईड किंवा थायमसच्या ऊतीचा तुकडाही कधीकधी थायरॉईडच्या आत सापडतो. शेजारच्या खळग्यांतून निघालेल्या या ऊती खाली येताना वाटेत अडकलेल्या असतात आणि सॉलिड सेल नेस्टइतक्याच निरुपद्रवी असतात.

पुंजके सापडले म्हणून रक्तातील कॅल्सिटोनिन तपासावे का?

केवळ त्यासाठी नाही. कुटुंबात मेड्युलरी कर्करोग असल्यास, किंवा पॅथॉलॉजिस्टने सी पेशींच्या वाढीबद्दल स्वतंत्रपणे शंका नोंदवली असल्यास, ही तपासणी करायची की नाही ते एंडोक्रायनोलॉजिस्ट ठरवतील.

दुसरे मत घ्यायचे असल्यास काय करावे?

केवळ रिपोर्टची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या तज्ज्ञांकडे जाण्याचा उपयोग होत नाही, कारण दुसरे मत कागदावरून देता येत नाही. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली, तेथे लेखी अर्ज करून स्लाईड्स आणि मेणाचे ब्लॉक, म्हणजे ऊतीचे तुकडे बसवलेल्या मेणाच्या वड्या, मागावेत. स्लाईडवर जे दिसते तेच पाहायचे असेल तर स्लाईड पुरेशी होते, मात्र पी-६३ किंवा कॅल्सिटोनिनची तपासणी नव्याने करायची असेल तर ब्लॉक लागतो. सोबत मूळ रिपोर्ट, शस्त्रक्रियेपूर्वीची सोनोग्राफी आणि एफएनएसीचा रिपोर्ट द्यावा. नमुना पुण्याला किंवा मुंबईला न्यायचा असेल, तर ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण मेण वितळते. हा पुंजका अतिशय लहान असतो आणि नव्या चकत्या कापताना तो संपूनही जाऊ शकतो. म्हणून ज्या मूळ स्लाईडवर तो दिसला होता ती स्लाईड सोबत आहे ना, हे लॅबमधून निघण्यापूर्वीच क्रमांक जुळवून पाहावे.